पाळीव सापाच्या अंगावरचे माइट्स एका आंघोळीत का जात नाहीत?

एरवी दिवसभर लपून बसणारा बॉल पायथन अचानक तासन् तास पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, तर त्याला नुसते उकडत असेल असे समजू नका. अंगावर माइट्स झाल्याचे हे लक्षण असू शकते. अमेरिका-युरोपात साप पाळणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी आहे.

माइट्स म्हणजे काय?

शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. गोचिडीच्या नात्यातला, खसखशीच्या दाण्याएवढा हा जीव सापाचे रक्त पितो. डोळ्यांभोवतीच्या खाचेत आणि हनुवटीखालच्या खवल्यांत तो दडतो. ओला पांढरा कागद सापाच्या अंगावरून फिरवा. त्यावर काळे ठिपके हलताना दिसले, तर शंका खरी. संख्या वाढली की रक्तक्षय होतो, साप खाणे सोडतो, कात नीट निघत नाही. लहान साप दगावूही शकतो.

एकदा धुऊन का भागत नाही?

मादी सापाच्या अंगावर नव्हे, पेटीतल्या दमट फटींमध्ये अंडी घालते. एका मादीची अंडी आयुष्यभरात 60 ते 80. तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल, तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी प्रौढ होते. म्हणजे साप धुतला, तरी पेटीत पुढची फौज तयारच असते.

काय करावे?

• माइट्स झालेला साप इतरांपासून वेगळा ठेवा. त्याला शेवटी हाताळा आणि हात धुवा.
• कोमट पाण्यात साधारण अर्धा तास ठेवा, लक्ष असू द्या. अंगावरचे माइट्स बुडतात, डोक्यावरचे मात्र वाचतात.
• पेटीतला भुसा पिशवीत बांधून फेका. पेटी आणि तिच्या फटी गरम पाण्याने घासा. खाली साधा पांढरा कागद अंथरा, म्हणजे उरलेले माइट्स दिसतील.
• औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच वापरा. पेटी पूर्ण वाळल्याशिवाय साप आत सोडू नका.
• माइट्स दिसेनासे झाले, तरी सफाई आणखी काही आठवडे सुरू ठेवा.

युरोपात चेलेटस एरुडिटस हे शिकारी माइट्सही पेटीत सोडतात. ते सापाला त्रास न देता रक्तपित्या माइट्सना खातात. मात्र कीटकनाशक वापरलेल्या पेटीत तेही मरतात.

काय टाळावे?

फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्या नकोतच. आयव्हरमेक्टिन कासवांसाठी जीवघेणे आहे. घरात कासव असेल, तर पशुवैद्यांना आधीच सांगा.

भारतात नियम काय?

नाग, धामण, भारतीय अजगर पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या साइट्सच्या यादीतील विदेशी सापांची 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे.

नवा साप घरी आणल्यावर निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. महिनोन् महिने पेट्या घासण्यापेक्षा हे सोपे.