हप्ता ठरलेला, आवक बेभरवशाची

घरभाडे, कर्जाचे हप्ते, शाळेची फी आणि विम्याचा प्रीमियम यांच्या तारखा आणि रकमा ठरलेल्या असतात. आवक तशी नसते. कंत्राटी कामगाराचे कंत्राट संपते, दुकानदाराची उधारी अडकते, सोयाबीनच्या शेंगा भरताना ऐन वेळी पाऊस दडी मारतो, खासगी नोकरीतला पगार लांबतो. ठरलेली जावक आणि बेभरवशाची आवक यांत ओढाताण सुरू झाली, की चांगले कमावणारे घरही उधारीवर येते. म्हणून अनिश्चित काळात परतावा किती मिळेल याच्या आधी, आवक थांबली तर घर किती दिवस चालेल हे पाहावे लागते.

हा प्रश्न आता अधिक घरांपुढे उभा आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५.१ टक्क्यांवर आली होती. ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांत पडलेल्या भरीतून नवे कर्ज वजा केले की ही बचत उरते. घरांनी घेतलेले कर्ज वाढले, हे तिच्या घसरणीचे मोठे कारण होते.

जावक मोजण्याची रीत

घरखर्चाचे तीन भाग पडतात. किराणा, भाडे, वीज, औषधे हा न टळणारा खर्च. कर्जाचे हप्ते, फी, प्रीमियम, भिशी हा बांधील खर्च. बाकीचा ऐच्छिक. पहिल्या दोन भागांची बेरीज म्हणजे घराचा किमान मासिक खर्च. तो काढताना वर्षातून एकदा येणारे खर्च हमखास निसटतात: घरपट्टी, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नसराईतले आहेर. त्यांची वर्षाची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा धरावा लागतो.

शेतकरी कुटुंबाला महिन्याचा हिशेब पुरत नाही, कारण पैसा हंगामाला येतो आणि खर्च रोज होतो. तिथे हिशेबाचे एकक वर्ष असते. मागच्या काही वर्षांची सरासरी धरण्यापेक्षा त्यांतले सर्वात पडते वर्ष धरून हप्ते ठरवणे सुरक्षित असते, कारण चांगल्या वर्षाच्या हिशेबाने घेतलेला ट्रॅक्टरचा हप्ता पडत्या वर्षीही तेवढाच असतो.

राखीव पैसा

घरात दोन कायम पगार असतील तर किमान खर्चाच्या तीन महिन्यांइतकी रक्कम राखीव असावी, कमावणारे माणूस एकच असेल तर सहा महिन्यांइतकी, आणि उत्पन्न धंद्यावर किंवा हंगामावर असेल तर नऊ ते बारा महिन्यांइतकी, असा साधारण ठोकताळा आहे. हा पैसा लागेल त्या दिवशी हाती यायला हवा. त्यामुळे बचत खाते आणि मुदत ठेव या त्याच्या जागा. दीड लाखाच्या एका ठेवीऐवजी पन्नास हजारांच्या तीन ठेवी केल्या, तर वीस हजारांच्या गरजेसाठी एकच मोडावी लागते आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड तेवढ्यावरच बसतो.

पंधरा वर्षे मुदतीचे पीपीएफ खाते निवृत्तीसाठी चांगले, पण सुरुवातीची वर्षे त्यातून पैसे काढता येत नाहीत. भूखंड हवा तेव्हा विकला जात नाही. सोन्यावर कर्ज पटकन मिळते, मात्र किमतीचा काही भागच हाती येतो आणि कर्ज थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो.

कर्जाचा खरा दर

कर्जे फेडताना रकमेपेक्षा दर पाहावा लागतो, आणि दर अनेकदा वेगळ्या वेशात येतो. खासगी सावकाराचे ‘शेकडा पाच’ हे महिन्याचे असते. वर्षाचे ६० टक्के होतात. क्रेडिट कार्डाचे साडेतीन टक्केही महिन्याचेच, म्हणजे वर्षाला ४२. कार्डावर ५०,००० रुपये थकले असतील तर महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरली, तर मुद्दल फक्त ४३५ रुपयांनी कमी होते. शिवाय पूर्ण बिल न भरल्याने नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

‘फ्लॅट’ व्याजाचाही असाच प्रकार. एक लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर ३६,००० रुपये व्याज धरून हप्ता ३,७७८ रुपये येतो. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरण देणे बँका आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. दोन कर्जांची तुलना त्या दराने करावी.

गृहकर्जाचा धोका वेगळा. त्याचा दर बहुधा रेपो दराला जोडलेला असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. वीस वर्षांसाठी ६.५ टक्क्यांनी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा हप्ता १४,९११ रुपये असतो. मुद्दल साडेएकोणीस लाख बाकी असताना दर ९ टक्के झाला, तर महिन्याचे व्याजच १४,६२५ रुपये होते. जुन्याच हप्त्यातून तीनशे रुपयेही मुद्दलात जात नाहीत. हप्ता तोच दिसतो आणि मुदत लांबत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला देण्यास बँकांना सांगितले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागत नाही, त्यामुळे बोनस किंवा पिकाचे पैसे आले की सुरुवातीच्या वर्षांत भरलेली छोटी रक्कमही बरेच व्याज वाचवते.

साधारण क्रम असा ठरतो: महिनाभराचा खर्च हाती ठेवून आधी सावकार आणि कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, शेवटी गृहकर्ज. सात टक्के देणारी ठेव जपत ४२ टक्क्यांचे बिल पुढे ढकलणे तोट्याचे आहे.

हप्ता थकू लागला तर

हप्ता पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे. करोनाकाळात मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सवलत मिळाली, पण त्या काळाचे व्याज धावतच होते. पीककर्जातही हा फरक महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. कर्जमाफीच्या आशेवर ‘नवे-जुने’ करण्याची, म्हणजे जुने पीककर्ज फेडून नवे घेण्याची, तारीख चुकली, तर ही सवलत जाते, खाते थकीत होते आणि पुढच्या हंगामाला सावकाराचे दार उरते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्याच्या आत बँकेत जाऊन मुदतवाढ किंवा फेररचना मागितली, तर बोलणी सोपी जातात. थोडी रक्कम भरून केलेली तडजोड पत-अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंदली जाते आणि पुढचे कर्ज अवघड करते. वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. जुना हप्ता भरण्यासाठी मोबाइल अ‍ॅपवरून नवे कर्ज घेणे हा सर्वात घातक मार्ग. तिथे पैसे देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोण, हे आधी तपासावे. विनापरवाना सावकाराविरुद्ध महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

भिडेखातर जामीन राहणाऱ्यांचाही यात विचार हवा. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला, तर पगारातली कपात जामीनदाराच्याही वाट्याला येऊ शकते.

ठेव कुठे ठेवावी

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवींवरचा विमा तेव्हा एक लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली. मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराची, सर्व शाखांतले मुद्दल आणि व्याज धरून आहे. त्याहून मोठी रक्कम दोन-तीन बँकांत विभागावी.

हा विमा सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना मात्र नाही. त्यामुळे पतसंस्थेने दिलेला एखादा टक्का जास्त हा त्या जोखमीचा मोबदला समजावा. ओळखीपाळखीतल्या भिशीने बचतीची शिस्त लागते, पण तिचा आधार परस्परांचा विश्वास एवढाच असतो. आधी भिशी उचललेल्याने पुढचे हप्ते बुडवले, तर शेवटच्या नंबरवाल्याचा पैसा जातो. म्हणून राखीव निधी तिथे नसावा.

विमा आणि कागदपत्रे

मोठे आजारपण किंवा कमावत्या माणसाचा मृत्यू राखीव निधीने निभावत नाही. त्यासाठी आरोग्य विमा आणि मुदत विमा लागतो. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आहे. पहिलीत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला, दुसरीत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. प्रीमियम खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून तो वळता होण्याच्या दिवसांत खात्यात शिल्लक हवी.

नामनिर्देशन केल्याने वारसांना पैसे लवकर मिळतात, पण नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही; वाटणी इच्छापत्राने किंवा वारसा कायद्याने होते. दहा वर्षे हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि पुढे वारसांना दावा करून परत मिळवाव्या लागतात. हे टाळण्यासाठी खाती, ठेवी, पॉलिसी, कर्जे, दिलेले जामीन आणि उसने दिलेले पैसे यांची एक यादी करून ती घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसाला दाखवून ठेवावी आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, नव्या आर्थिक वर्षाबरोबर, ती दुरुस्त करावी.