कॅमेऱ्यात कोण दिसत नाही?

मुलांनो, तुमच्या गावात ‘सगळ्यांच्या जागा’ किती आहेत, कधी मोजल्यात? सगळ्यांची जागा म्हणजे जिथे जायला कुणाची ओळख लागत नाही की आमंत्रण लागत नाही. एस.टी. स्टँड, विहीर, पार, वाचनालय, समुद्रकिनारा. रोज तिथून जातो, म्हणूनच आपण त्या नीट बघत नाही!

आमच्या रत्नागिरीतल्या शाळेत चौथीच्या मुलांनी या जागांची एक छोटी फिल्म केली. कॅमेरा कुठला? माझाच मोबाइल! नियम तीनच. मोबाइल आडवा धरायचा. एक जागा वीस सेकंद हात न हलवता टिपायची. आणि कुणाचाही चेहरा टिपण्याआधी त्यांना विचारायचं. मांडवीला वाऱ्याने आमचा सगळा आवाज खाऊन टाकला. मासळीबाजारात एक मावशी म्हणाल्या, “माझा कशाला, सुरमईचा काढ!”

चार मिनिटांची फिल्म वर्गात दाखवली. टाळ्या झाल्या. एक मुलगी मात्र गप्प होती. ती कुबड्या घेऊन चालते. म्हणाली, “बाई, या सगळ्यांच्या जागा, मग मी कुठाय?”

मला काही बोलता येईना. चूक माझीच होती. “तू दमशील, शाळेतच थांब,” असं मीच तिला सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी काय टिपायचं ते ती सांगणार, मैत्रीण मोबाइल धरणार. आणि काय टिपलं तिने? पायऱ्या. गटारावरची फुटलेली फरशी. एस.टी.ची उंच पहिली पायरी. एका वाचनालयाच्या दाराशी चढायला छान उतार होता, पण त्यावर मोटारसायकली उभ्या! जागा त्याच, फिल्म मात्र निराळीच.

तिच्या फिल्ममध्ये आपलं पतितपावन मंदिरही होतं. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं हे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या लोकांसाठी खुलं झालं. एकाने विचारलं, “सर्वांसाठी, असं वेगळं का सांगावं लागलं?”

खरं आहे, सांगावं लागलं. कारण तेव्हा कित्येक देवळं, विहिरी आणि तळी सर्वांची नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचीच गोष्ट घ्या. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागदावर! तळ्यावर जाऊन पाणी प्यायची सोय काही झाली नाही. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, खटला चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते, दुकानं अशा जागांची नावं घेऊनच लिहिलं गेलं, की धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीही २०१६ साली कायदा झाला. सार्वजनिक इमारतींत त्यांना सहज जाता यावं, असं तो सांगतो. पण कायद्याने केलेल्या उतारावर मोटारसायकल लावली, तर तो उतार कागदावरच राहिला ना?

आमच्या मुलांनी ती फिल्म वाचनालयातल्या काकांना दाखवली. दुसऱ्या दिवशी उतार मोकळा! आत जाऊन तिने पहिलं पुस्तक घेतलं. एस.टी.ची पायरी अजून तेवढीच उंच आहे. त्यासाठी मुलांनी पत्र लिहायला घेतलंय.

आता तुमची पाळी. घरातल्या मोठ्यांचा मोबाइल मागून घ्या आणि एक सगळ्यांची जागा टिपा. मोबाइल नसला तर वहीत चित्र काढा. मग शांतपणे बघा : यात आजी आहे का? तान्हं बाळ घेतलेली आई? डोळ्यांनी न दिसणारं कुणी? जे दिसत नाही, त्याच्याकडे जा आणि विचारा, “तुम्ही तिथे का येत नाही?”

उत्तर ऐकलंत, की तुमची खरी फिल्म सुरू होईल!