पुढचा कार्यक्रम कधी? : देवास-नेमावरकडची गाण्याची पत्रकं कशी वाचावीत

नेमावरला गाण्याचं सभागृह नाही. नर्मदेच्या उत्तर काठावरचं आमचं गाव, समोर हंडिया, मध्ये नदी आणि काठावर सिद्धनाथाचं देऊळ. परिक्रमावासी या जागेला नर्मदेची नाभी मानतात. गाणं ऐकायचं तर घाट, नाहीतर देवास, नाहीतर इंदूर. त्यामुळे आमच्यासारख्यांना एक प्रश्न कायम पडतो : पुढचा कार्यक्रम कधी, कुठं, आणि कसला?

कसला हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आमच्या भागात एकाच महिन्यात कबीराची भजनं, खयालाची मैफल, नाट्यपदं, भावगीतं आणि माळवी लोकगीतं असं सगळं कानावर पडू शकतं. पूर्वीही पडत असे. मात्र ते लोकांना कळायचं कसं, हे काळाप्रमाणे बदलत गेलं, आणि माझं म्हणणं असं की ज्या मार्गानं बातमी कळायची त्यावरच ऐकायला कोण येणार हे ठरायचं. म्हणून स्थानिक इतिहासात कलावंतांच्या चरित्राइतकीच किंमत कार्यक्रमाच्या साध्या कागदाला आहे. तो कागद कसा वाचायचा, हे या लेखात सांगायचं आहे.

तिथीचा कार्यक्रम

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे पत्रक नसणं. तिथीच आमंत्रण देते. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती, त्या दिवशी घाटावर भजन असणार, हे कुणी सांगावं लागत नाही. माळव्यातल्या मुली पितृपंधरवड्यात संजा मांडतात, भिंतीवर शेणानं आकृत्या काढतात आणि रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याची ही जवळची नातलग. इथं गाणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, अशी विभागणीच नसते.

राजवाड्यातही तिथीचंच राज्य होतं. नेमावर होळकरांच्या इंदूर संस्थानात होतं, तर देवास पवारांचं. त्या एका गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यानं राजवाड्यात पाहिली आणि घरी पाठवलेल्या पत्रांत तिचं सविस्तर वर्णन केलं. हीच पत्रं पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. पुस्तकाच्या नावातला डोंगर म्हणजे देवासची माताजीची टेकडी. त्याआधी १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात त्यानं हाच उत्सव कथेत घेतला होता, आणि तिथले गाणारे तुकारामाचं नाव घेऊन गातात. इंग्रजी वाचकाला ते नाव कदाचित परकं वाटलं असेल. माळव्यातल्या मराठी राजवाड्यात मात्र त्यात नवल काहीच नव्हतं.

दरबारी मैफल ही याच राजवाड्याची दुसरी बाजू. तिथं आमंत्रितच बसायचे. उस्ताद रजब अली खां देवासच्या दरबाराशी जोडलेले होते, कोल्हापुरातही त्यांचं गाणं गाजलं. म्हणजे दर्जा मोठा, पण दार अरुंद. भजन सगळ्यांना, खयाल निवडकांना, अशी ही वाटणी होती.

१९४८ : दरबार गेला, गवई आला

१९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. त्याच वर्षी ३० जानेवारीला, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, कुमार गंधर्व पत्नी भानुमतींसह देवासला येऊन पोचले. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकलेले, लहानपणापासून गाजलेले आणि आता क्षयानं आजारी. कोरड्या हवेसाठी माळवा निवडलेला, आणि गाण्याला डॉक्टरांची बंदी.

योगायोग पाहा. आश्रयदाता दरबार संपला, आणि गावात एक गवई आला ज्याला गाता येत नव्हतं. पुढची काही वर्षं त्यानं ऐकण्यात घालवली. बायकांची लग्नाची गाणी, ऋतूंची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं, असं सगळं टेकडीच्या पायथ्याशी राहून ऐकलं. पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा मैफलीला बसले तेव्हा हे ऐकलेलं बरोबर आलं. लोकधुनांत रागाचं बीज असतं, या विचारातून त्यांनी मधसूरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी, संजारी असे ‘धुन-उगम’ राग बांधले. बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट मोठी आहे. त्यांनी कार्यक्रमाला नाव दिलं. पूर्वीच्या पत्रकावर गायकाचं नाव असायचं. काय गाणार हे बैठकीत ठरायचं. कुमारांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम केले. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास आणि मीरा. ‘ठुमरी, टप्पा, तराणा’ हा एक स्वतंत्र कार्यक्रम. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ मध्ये नाट्यपदं. ‘तांबे गीतरजनी’त भा. रा. तांब्यांच्या कविता, आणि तांबे तर देवासशी नातं असलेले कवी. शिवाय माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम होताच.

यातला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. ‘अमुक बुवांचं गायन’ असं वाचून जाणारा माणूस बुवांसाठी जातो. ‘गीतवर्षा’ वाचून जाणारा पावसासाठीही जाऊ शकतो. एकाच संध्याकाळी मल्हाराच्या बंदिशीशेजारी शेतावरचं गाणं ऐकायला मिळेल, असं वचनच त्या नावात असतं. ज्याला रागाचं नाव कळत नाही त्यालाही आत यायला एक दार मिळालं.

दोन तारखेची रात्र

दुसरं दार नव्वदच्या दशकात उघडलं, तेही देवासातच. माळव्यातल्या गावोगावच्या मंडळ्या तंबुरा, करताल, ढोलक, मंजिरा घेऊन रात्रभर कबीर गातात. ‘एकलव्य’ संस्थेच्या देवास केंद्रात १९९१ साली ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू झाला. दर महिन्याच्या २ तारखेला रात्री मंडळ्या जमायच्या, गायच्या, आणि गायलेल्या भजनावर बोलायच्याही. जातीवर, गुरूच्या नावानं चालणाऱ्या व्यवहारावर, रोजच्या जगण्यावर. ना तिकीट, ना सभागृह. ‘दोन तारीख’ हीच जाहिरात. पुढे पद्मश्री मिळालेले प्रह्लादसिंह टिपान्या याच माळवी परंपरेतले, पेशानं शिक्षक.

मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. तिथी पंचांगात पाहावी लागते, पत्रक हातात पडावं लागतं. दोन तारीख मात्र सगळ्यांना सारखीच माहीत असते, ज्याला वाचता येत नाही त्यालाही.

आज देवासात मल्हार स्मृती मंदिर आहे, एप्रिलमध्ये ८ तारखेच्या, म्हणजे कुमारांच्या जन्मदिवसाच्या आसपास त्यांच्या नावाचा समारोह असतो. इंदुरात ‘सानंद’सारखी संस्था सभासदांसाठी मराठी नाटकं आणि गाणी आणते. मूळ इंदूरच्याच अरुण दात्यांमुळे भावगीताचा इथल्या मराठी घरांना विशेष लळा. आणि घाटावर सप्तमी आहेच. तिथी, समारोह, सभासदत्व, तारीख : चारही पद्धती बाजूबाजूला नांदतायत.

सापडलेलं पत्रक कसं वाचावं

आता कामाचा भाग. जुन्या पत्रकांवर वार असतो, वेळ असते, कधी ‘बालगोपाळांसह’ असंही असतं. साल मात्र बहुधा नसतं. छापणाऱ्याला त्याची गरजच नव्हती. आपल्याला आहे. साल काढायच्या काही खुणा :

पहिली, वार आणि तारीख. समजा ‘शुक्रवार, ३० जानेवारी’ एवढंच आहे. अशी जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते : १९४८, १९५३, १९५९, १९७०, १९७६. एवढ्यावर निकाल लागत नाही. पण सोबत तिथी दिली असेल तर काम सोपं होतं, कारण तारीख आणि तिथी यांची जोडी साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळते. तिन्ही गोष्टी जुन्या पंचांगाशी ताडून पाहिल्या की बहुतेक वेळा एकच साल उरतं.

दुसरी, महिन्याचं नाव. इथं माळव्यात चांगली मंडळी फसतात. मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, हिंदी घरांत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्ही एकच, वद्य पक्षात नाव बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, हिंदी पत्रकावर तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच. एकाच कार्यक्रमाची मराठी आणि हिंदी अशी दोन पत्रकं मिळाली तर ते दोन कार्यक्रम समजू नयेत.

तिसरी, संवत किंवा शक. विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी मात्र अनुक्रमे ५६ आणि ७९.

चौथी, छापील पत्ता आणि पैसे. ‘मध्य भारत’ असेल तर १९४८ ते १९५६. ‘मध्यप्रदेश’ असेल तर आमच्या भागापुरतं १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं. तिकीट आण्यांत असेल तर बहुधा १९५७च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

पाचवी खूण सालाची नाही, पण मला सगळ्यात मोलाची वाटते : बारीक टाइपातली नावं. तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, तंबोऱ्यावर कोण, निवेदन कुणाचं. मोठ्या गवयांवर पुस्तकं निघतात. साथीदारांची नावं पुष्कळदा याच एका कागदावर असतात. आणि घाटावरच्या बायकांची, मंडळीतल्या ढोलकवाल्याची नावं तर कागदावरही नसतात. ती आपण विचारून लिहायची.

हे आताच का

कारण कागद संपतोय. आता निमंत्रण मोबाइलवर येतं, चित्रासारखं, आणि कार्यक्रम झाला की जागा करायला आपणच ते पुसून टाकतो. जुन्या कागदांचंही तेच. दिवाळीची साफसफाई निघाली की लग्नपत्रिका देवाजवळ राहतात, गाण्याची पत्रकं रद्दीत जातात. माझ्या ओळखीच्या एका मराठी घरातून असे दोन पोती कागद गेले. घरातली नवी पिढी इंदूर-पुण्याला, आजोबा कुठं ऐकायला जायचे हे सांगणारं कुणी नाही. माळव्यातल्या मराठी घरांचं हे सार्वत्रिक झालंय. भाषा घरात थोडीफार टिकते, पण आपण कुठल्या गावात, कुणाशेजारी बसून काय ऐकलं, ही आठवण टिकत नाही. आणि ती गेली की उरतो तो फक्त नामवंतांचा इतिहास. बसून ऐकणारी गावं त्यातून वजा होतात.

म्हणून विनंती साधीच आहे. पुढच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा पत्रक घडी करून खिशात घाला. मोबाइलवर असेल तर छापून घ्या. घरी आल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीनं चार गोष्टी लिहा : साल, प्रत्यक्षात काय गायलं गेलं, साथीला कोण होतं, आणि तुम्ही कुणाबरोबर गेला होतात. शाई नको, ती पाण्यानं फुटते, आणि आमचा घाटकाठ ओलाव्याचा. जुनी पत्रकं असतील तर आमच्या मंडळाकडे फक्त फोटो पाठवा, मूळ कागद तुमच्याचकडे राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका, जाड कागदाच्या पाकिटात ठेवा. घाटावरच्या भजनाचं पत्रक निघत नाही. माघ शुद्ध सप्तमीला तिथं बसाल तर तेवढं एक पत्रक तुम्हीच लिहा.