नदीच्या तळाशी समुद्राचे दात

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दक्षिण कॅरोलायना नावाचे राज्य आहे. तेथील चार्ल्सटन या जुन्या बंदराच्या एका अंगाने ॲशली आणि दुसऱ्या अंगाने कूपर अशा दोन नद्या समुद्राला मिळतात. कूपर नदीचे पाणी काळसर तांबूस, बिनदुधाच्या चहासारखे दिसते. काठच्या दलदलीत कुजणाऱ्या पानांतील तुरट द्रव्य पाण्यात उतरते, त्याचा हा रंग. सुटीच्या दिवशी या नदीत लहान लहान होड्या नांगर टाकून उभ्या असतात. त्यांत गळ किंवा जाळी नसतात. हवेच्या टाक्या, दिवे आणि रबरी पोशाख असतात. निरनिराळे व्यवसाय करणारी, केवळ हौसेने एकत्र आलेली ही माणसे नदीच्या तळाशी बुडी मारतात ती शार्क माशांचे दात वेचण्यासाठी. हे दात हल्लीच्या माशांचे नव्हेत. लक्षावधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या माशांचे, दगड बनलेले ते दात आहेत.

शार्क म्हणजे कोकण-गोव्याच्या कोळ्यांची मुशी. मुशी चिरताना कोणाच्याही ध्यानात येते की, या माशाला इतर माशांसारखे हाडांचे काटे नसतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचिक पदार्थाचा असतो. मासा मेला की ही कूर्चा बहुधा कुजून जाते. दात मात्र कठीण असतात. शिवाय ते आयुष्यभर गळत राहतात आणि मागील रांगेतील नवे दात पुढे सरकतात. एका शार्कच्या तोंडातून जन्मभरात हजारो दात समुद्रतळावर पडतात. गाळाखाली पुरलेल्या या दातांत खनिजे मुरतात आणि त्यांचे अश्म बनते. फॉस्फेटयुक्त गाळात ते काळे किंवा करडे होतात, इतरत्र पिंगट किंवा फिकट राहतात. रंगावरून दाताचे वय कळत नाही. तो कोणत्या गाळात पडून होता, एवढेच कळते.

हे दात माशांचेच आहेत, ही साधी गोष्ट पटावयासही फार काळ लागला. युरोपात त्यांना दगडी जिभा म्हणत, आणि माल्टा बेटावरून आणलेल्या अशा जिभा विषावर उतारा म्हणून जवळ बाळगीत. १६६६ साली इटलीच्या लिव्हॉर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे धाडण्यात आले. त्याचे दात आणि त्या दगडी जिभा यांतील साम्य स्टेनोने १६६७ मध्ये प्रसिद्ध केले. समुद्रातील प्राण्याचे अवयव डोंगरातील खडकात सापडत असतील, तर तो खडक एके काळी समुद्राचा गाळ होता, असे मानणे भाग पडते. स्तरांवरून पृथ्वीचा इतिहास वाचण्याच्या शास्त्राला जी आरंभीची चालना मिळाली, तिच्यात या दातांचा वाटा मोठा आहे.

चार्ल्सटनच्या आसपासची भूमी अशाच सागरी गाळाची आहे. समुद्र तेथे अनेकदा आत शिरला आणि मागे हटला. प्रत्येक वेळी तो आपला थर मागे ठेवून गेला. या थरांतील फॉस्फेटची खते कसदार ठरतात असे आढळल्यावर १८६७ पासून ॲशलीच्या काठी खाणकाम सुरू झाले. पुढे नद्यांचे तळही खरवडण्यात आले. फॉस्फेटच्या गोट्यांबरोबर दातांचे आणि हाडांचे ढीग वर आले, तेव्हा जोसेफ लायडीसारख्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. खाणी कालांतराने बंद पडल्या. नद्यांचे काम मात्र थांबले नाही. प्रवाह जुना थर कापतो, माती आणि वाळू वाहून नेतो. जड वस्तू तेवढ्या खोलगट जागी, किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला साचून राहतात. सूप पाखडावे, कोंडा उडून जावा आणि दाणे राहावेत, तसाच हा प्रकार आहे.

या साठ्यात पाणबुड्यांचे सर्वांत आवडते धन म्हणजे मेगालोडोन या महाकाय शार्कचा दात. हा मासा सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून ते छत्तीस लक्ष वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीवरील समुद्रांत वावरत होता. त्याचा मोठ्यात मोठा दात सुमारे सात इंच भरतो आणि त्याच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात. दातांखेरीज त्याचे मणकेच काय ते थोडेफार सापडले आहेत. त्यामुळे त्याच्या लांबीची अनुमाने पंधरा मीटरांपासून चोवीस मीटरांपर्यंत जातात.

दात वेचण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. कूपर नदीत समुद्राची भरती-ओहोटी दूरवर आत येते. म्हणून पाणी ज्या वेळी जवळजवळ थांबते, ती वेळ कोष्टकात पाहून बुडी ठरवितात. तळ वीस ते पन्नास फुटांवर असतो. काही हात खाली गेले की सूर्यप्रकाश संपतो आणि दिव्याच्या उजेडातही कधी काही इंच, तर कधी चार-पाच फूट एवढेच दिसते. प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून पाणबुड्या कमरेला जादा शिसे बांधतो आणि हातातील लांब स्क्रू-ड्रायव्हर तळात रोवीत, पोटावर सरपटत पुढे जातो. खडीत काळा, चकचकीत त्रिकोण दिसला की तो उचलावयाचा आणि पिशवीत टाकावयाचा.

अवघड भाग पुढेच आहे. बुडी मारण्याच्या शिक्षणात एक महत्त्वाचा नियम असा शिकवितात की, पाण्याखाली दोघांनी जोडीने राहावे आणि एकमेकांस दृष्टीआड होऊ देऊ नये. कूपरच्या तळाशी हा नियम पाळणे बहुधा अशक्य होते. तीन फुटांवरचा सोबती दिसत नाही, आणि त्याचा हात धरावा तर दोघांनाही शोध करता येत नाही. प्रत्येक जण तेथे एकटाच असतो. अंगावरचा पट्टा बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकतो. वर कोणते आणि खाली कोणते, याचाही भ्रम पडतो. अशा वेळी श्वासाचे बुडबुडे हाताला ज्या दिशेने जाताना जाणवतात, ती वरची दिशा, हे आठवावे लागते. नदीत मगरींची जात आहे. पृष्ठभागावर यांत्रिक नावा धावत असतात. परंतु या सर्वांहून घातक असते ती मनाची घबराट.

म्हणून या हौसेत सोबतीचे स्थान पाण्याखालून पाण्यावर हलते. होडीत एक जाणता माणूस राखतात. कोण केव्हा उतरले आणि किती वेळाने वर यावयाचे, हे त्याला ठाऊक असते. येथे माणसे बुडी मारीत आहेत, हे इतर नावांना कळावे म्हणून लाल रंगाचा, तिरप्या पांढऱ्या पट्ट्याचा ध्वज तो फडकत ठेवतो. पाणबुड्या दूर वाहून वर आला, तर होडी त्याच्याकडे नेतो. खाली असणाऱ्यानेही ठरलेली वेळ पाळावयाची असते. समोर कितीही मोठा दात दिसो, हवेची सीमा गाठली की परतावयाचे. हा शब्द मोडणाऱ्यास पुन्हा सोबत मिळणे कठीण जाते, आणि ते योग्यच आहे.

सोबतीची गरज होडीपाशी संपत नाही. नदीने आपल्या थरातून काढलेला दात हा पान सुटलेल्या पोथीसारखा असतो. त्याच खडीत मेगालोडोनच्या दाताशेजारी हिमयुगातील हत्तीची दाढ, मूळच्या रहिवाशांचे खापर आणि वसाहतकाळातील बाटलीही मिळते. अशा दाताचे स्थळ कोणी सांगितले नाही, तर तो शोभेची वस्तू बनून कपाटात राहतो. हे जाणून दक्षिण कॅरोलायनाने हौशी पाणबुड्यांसाठी परवान्याची पद्धत घातली आहे. तेथील १९९१ च्या कायद्याने तिला आधार दिला आहे. परवानाधारकाने हाताने वेचता येईल तेवढेच घ्यावयाचे, यंत्राने तळ उपसावयाचा नाही. काय मिळाले, कोठे मिळाले, याचा वृत्तांतही ठरावीक मुदतीने सादर करावयाचा.

हा वृत्तांत केवळ मोठ्या दातांचा असून चालत नाही. हौशी माणसाचा हात स्वभावतःच मोठ्या, अखंड दाताकडे जातो. किरकोळ दात तो तेथेच टाकतो. परंतु पनामातील एका प्राचीन सागरी थरात मेगालोडोनचे लहान दातच अधिक आढळले. त्यांवरून तेथील उथळ समुद्र हे या माशाच्या पिल्लांचे संगोपनस्थान असावे, असा निष्कर्ष २०१० साली संशोधकांनी मांडला. मोठेच दात जमविणाऱ्याच्या कपाटातून ही गोष्ट कधीच उलगडली नसती.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या लाव्हाखडकाखाली झाकलेला आहे. त्यात सागरी जीवांचे अवशेष शोधणे व्यर्थ होय. परंतु इंदूरहून आणि बडोद्याहून फार दूर नसलेल्या नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ येथील गुहांमुळे प्रसिद्ध असलेल्या परिसरात, त्या लाव्हाहूनही जुने सागरी थर उघडे पडले आहेत. शिंपले, समुद्री साही आणि शार्कचे दातही त्यांत आढळले आहेत. ते मेगालोडोनच्या कितीतरी आधीचे, महासरटांच्या युगातील आहेत. तेथे बुडी मारावी लागत नाही. डोळे उघडे ठेवून चालावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याला तसा दात दिसलाच, तर तो उपटून खिशात घालण्यापूर्वी त्याने जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकांना कळवावे. गढूळ नदीत जीव सांभाळणारा सोबती आणि सापडलेल्या दाताचा अर्थ लावणारा अभ्यासक, या दोघांचे काम एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. आपण कोठे होतो, हे शोधणाऱ्याने त्यांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.