‘ध’चा ‘मा’ नेमका केला कुणी?

आमच्या लोह्याकडं दोन भाऊ वेगळे निघाले, वावराची वाटणी झाली, की बायांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं, “काय सांगू बाई, धाकटी सून नुसती आनंदीबाई आहे!” भावाभावांत काय बिनसलं, कागदावर सह्या कुणाच्या, हे कुणी विचारत नाही. नाव मात्र सुनेचं!

मैत्रिणींनो, ही आनंदीबाई म्हणजे राघोबादादांची, अर्थात रघुनाथराव पेशव्यांची पत्नी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पहाऱ्यावरच्या पगारी शिपायांनी, नारायणराव पेशव्यांचा खून केला. वय अवघं अठरा! पुतण्याला ‘धरावे’ असा हुकूम राघोबांनी दिला होता, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केलं, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण तसा खाडाखोड केलेला मूळ कागद आजवर कुणी पुढं आणलेला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोषी ठरवलं ते राघोबांना. तरी म्हण चिकटली ती बाईलाच!

आनंदीबाई अगदी धुतल्या तांदळासारख्या होत्या, असं मी म्हणत नाही. नवऱ्याला गादी मिळावी, असं त्यांना वाटतही असेल. पण वाटणं वेगळं आणि खुनाचा पुरावा वेगळा.

आता दुसरी बाजू बघा. नारायणरावांची विधवा गंगाबाई तेव्हा गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर नेलं. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. लगेच राघोबांच्या पक्षानं शंका काढली, हे मूल खरंच पेशव्यांचं का? म्हणजे भांडण गादीचं आणि चिखल उडाला तो बाळंतिणीच्या पदरावर.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्यानं राणी ॲन बोलीनवर बदफैलीचा आरोप ठेवला, सख्ख्या भावासोबतसुद्धा! १९ मे १५३६ला तिचं डोकं उडवलं आणि अकराव्या दिवशी राजा पुन्हा बोहल्यावर उभा! ते आरोप रचलेले होते, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात.

दरबार पुण्याचा असो की लंडनचा, रीत एकच. बाईच्या नावाची कुजबुज सुरू केली, की पुरुषाचा स्वार्थ आपोआप झाकला जातो.

खुद्द आनंदीबाईंच्या वाट्याला काय आलं? नवऱ्याची पळापळ सुरू असताना जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात त्या बाळंत झाल्या. तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. तो १७९६ मध्ये पेशवा झाला, पण ते बघायला आई नव्हती. १७९४ मध्येच त्या गेल्या.

अडीचशे वर्षं झाली, तरी शिवी चालूच आहे. म्हणून सांगते, उद्या एखाद्या सुनेला कुणी ‘आनंदीबाई’ म्हटलं, तर हसून मान डोलवू नका. एवढंच विचारा, “मावशी, कागद दाखवा. सही कुणाची हाय?”