तंबूखालची जमीन

लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडली, की पवना धरणाचे पाणी समोर येते. भोवती तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर. शनिवारी संध्याकाळी काठावर तंबूंची रांग लागते, शेकोट्या पेटतात, मुले चांदण्या मोजत बसतात. नातवंडांच्या हट्टापायी आम्हीही परवा तिथे मुक्कामाला गेलो.

पिठलं-भाकरी वाढणाऱ्या बाईंना नातीने सहज विचारले, "आजी, तुमचं घर कुठं?" त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. नात हसली. तिला ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. १९७२ च्या सुमारास धरण पुरे झाले, पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना पोचले आणि खोऱ्यातली घरे, शेते बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की वाघेश्वराचे दगडी देऊळ वर येते. घरे येत नाहीत. पुनर्वसनाचे घोंगडे कित्येक दशके भिजत राहिले. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी प्राणास मुकले.

बँकेत मी आयुष्यभर सातबारा पाहून कर्जे दिली. उताऱ्यावर नाव नाही, तो माणूस माझ्या लेखी शेतकरीच नसे. त्या रात्री तंबूत डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पाहतो तो नात काठावरच्या बाटल्या आणि कागदी बश्या पिशवीत भरत होती.

"हे काय गं?"

"आबा, आजींचं अंगण आहे ना हे!"