गावांची यादी कोडमध्ये नको

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. माथ्यावर कोसळलेला पाऊस याच वाटेने खाली उतरतो; त्यात खाडीला भरती असली की महाडच्या बाजारपेठेत पाणी चढतं. जोडीला दरडी. जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खचला. २२ जुलै २०२१ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. समजा, या मुलखासाठी इशारे पाठवणारा प्रोग्राम लिहायचा आहे. गावांची यादी ठेवायची कुठे?

नवखा प्रोग्रामर ती थेट कोडमध्ये टाकतो. मग एक वाडी वाढली की कोड उघडा, बदला, तपासा, पुन्हा सर्व्हरवर चढवा, आणि तेही ऐन पावसाळ्यात. जावातल्या ‘स्प्रिंग’ फ्रेमवर्कचा मार्ग वेगळा आहे. रॉड जॉन्सन यांच्या २००२च्या पुस्तकातल्या कोडमधून ते उभं राहिलं, मार्च २००४मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ झालं. ऑब्जेक्टने लागणारं सामान स्वतः शोधायचं नाही. ते फ्रेमवर्क आणून देतं. आपण क्लासमध्ये सेटर मेथड लिहायची, यादी बाहेरच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवायची. ऑब्जेक्ट तयार झाला की स्प्रिंग ती मेथड बोलावून यादी हाती देतं. गाव वाढलं तर फाइलमध्ये एक ओळ घालून प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा.

यादी कोणत्या प्रकारची हे मात्र विचार करून ठरवावं. पर्जन्यमापकांची नावं महाबळेश्वर, पोलादपूर, महाड अशा क्रमानेच हवीत, कारण पाणी त्या क्रमाने येतं; तिथे ‘लिस्ट’. एकच गाव पुराच्या आणि दरडीच्या अशा दोन्ही याद्यांत असेल आणि संदेश एकदाच जायला हवा असेल, तर ‘सेट’. त्यात पुनरुक्ती टिकत नाही. ठिकाण आणि तिथली इशारा पातळी अशी जोडी असेल तर ‘मॅप’. नुसत्या मजकुराच्या जोड्यांना ‘प्रॉपर्टीज’. स्प्रिंग २.०पासून मूळ यादीत भर घालून नवी यादी करण्याची सोयही आहे: तालुक्याची यादी एकदाच लिहायची, दरडींच्या यादीत फक्त वाढीव वाड्या.

आता सेटरच्या आतली ओळ पाहू. बहुतेक जण आलेली यादी जशीच्या तशी ठेवून घेतात. पूर-इशारा आणि दरड-इशारा या दोन ऑब्जेक्टना फाइलमधली एकच सामायिक यादी दिली आहे असं समजा. पूरवाला ऑब्जेक्ट, संदेश पोहोचला की, गावाचं नाव यादीतून काढतो. दोघांच्या हातात यादी एकच, त्यामुळे दरडवाल्यासाठीही ते गाव नाहीसं होतं. एररही येत नाही. म्हणून सेटरने आलेल्या यादीची स्वतंत्र प्रत करावी. जावा १०पासून ‘लिस्ट.कॉपीऑफ’ ही न बदलणारी प्रत एका ओळीत देते.

रिकामी यादी याहून घातक. यादीच नसेल, म्हणजे ‘नल’ असेल, तर प्रोग्राम निदान कोसळतो आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. रिकाम्या यादीवरचा लूप मात्र शून्य गावांना संदेश पाठवून यशस्वीपणे संपतो. सेटरमध्ये तपासणी लिहिली तरी पुरत नाही. फाइलमधून ती ओळच राहून गेली, तर सेटर बोलावलाच जात नाही, मग तपासणार कोण? क्लासमध्ये आधीच एक रिकामी यादी ठेवून दिलेली असेल, तर प्रोग्राम निमूट तीच वापरतो.

म्हणूनच अत्यावश्यक गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, आणि ऐच्छिक गोष्टी सेटरमधून द्याव्यात, असं स्प्रिंगचे कर्तेच सुचवतात. मला ते मनापासून पटतं: गावांची यादी कन्स्ट्रक्टरमध्येच हवी, म्हणजे तिच्याविना ऑब्जेक्ट जन्मालाच येणार नाही. जुन्या कोडमुळे सेटरच वापरावा लागला, तर सगळे सेटर चालून झाल्यावर स्प्रिंग जी ‘आफ्टरप्रॉपर्टीजसेट’ मेथड बोलावतं, तिथे यादी तपासावी आणि ती रिकामी असेल तर प्रोग्राम सुरूच होऊ देऊ नये. हे मे महिन्यात उघडकीला आलं, तर दुरुस्तीला हाती वेळ असतो.